ठोकळ्याखालचं कुंकू

करमाळा,
४ ऑगस्ट १९७४

जोतीरामभावजींस बजावहिनीचा आशीर्वाद.

हिकडं समदं खुशाल हाय. तानाबाईचा खोकला थांबला का ते कळवा. तिला म्हणावं, आल्याचा रस घे, उगं गोळ्या खाऊ नगं.

हे पत्र तुमच्या दादांना न सांगता लिवती. त्यांचं उजवं मनगट पाडव्यापासनं कामातनं गेलंय. मोगरी चार येळा मारली की हात थरथरतो, पटाशी घसरती. चौकटीच्या सांध्याचं एक भोक पाडायला निम्मी सकाळ जाती. गिऱ्हाईक आलं की मोगरी खाली ठिवून बिडी पेटवत्यात, कुणाला कळू नये म्हणून. परवा म्हणाले, टेंभुर्णीच्या शाळंच्या चोवीस खिडक्या झाल्या की दुकान मोडायचं. दुकान मोडल्यावर हा माणूस दिवसभर करंल काय? मला त्याचीच लई भीती वाटती.

मी लिवलं हे कळू देऊ नका, न्हायतर माझी धडगत न्हाय. माया असू द्या.

तुमची वहिनी

---

सोलापूर,
१५ सप्टेंबर १९७४

ती. दादांस जोतीरामचा सा. न. वि. वि.

एक अडचण आली आहे. मिलच्या सुतारखात्यानं मोडीत काढलेलं एक राऊटर मी घेतलं. विजेवर गरगर फिरणारं पातं, एवढंच ते. ते लाकडी घोडीवर आडवं बसवून मी चौकटीची भोकं पाडायचं मशीन बनवलं. आता खोलीत पाय पसरायला जागा नाही. तानाबाई म्हणते, एक तर हे ठेवा, नाहीतर मला. तेव्हा काही महिने तुमच्या दुकानात राहू द्या. उद्याच्या एस.टी.च्या टपावर टाकतो.

गंजू नये म्हणून अधूनमधून चालवावं. लाकूड सरकत्या फळीवर आवळायचं, दर्शनी बाजू कायम वर. फळी डावी-उजवीकडे सरकवायची. दोन बाजूंचे दोन ठोकळे तिला अडवतात, त्यांच्यावरच भोक कुठं सुरू होणार आणि कुठं संपणार ते ठरतं. एकदम खोल जाऊ नका, एकेक सूत पुढं घ्या. रोज काम सुरू करण्याआधी एक भोक टाकाऊ तुकड्यावर पाडून बघा. भोकाची टोकं गोल राहतात, ती काटकोनात करायला पटाशीच लागेल. म्हणजे तुमच्या पटाशीला अजून सुट्टी नाही.

वहिनींना नमस्कार. तुमचा हात डोक्यावर राहू द्या.

आपला जोतीराम

---

करमाळा,
२९ सप्टेंबर १९७४

चि. जोतीराम यास अनेक आशीर्वाद.

तुझं ओझं पोचलं. टपावरून उतरवताना हमालानं विचारलं, मिस्त्री, पिठाची गिरणी काढताय काय. आवाज ऐकून शेजारची ईरम्मा पोरं घेऊन बघायला आली.

गंजू नये म्हणून चालवलं. पहिल्या दिवशी घाईनं आत ढकललं, तर लाकूड करपलं. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. भोक इतकं साफ पडलं की मी दोनदा बोट घालून पाहिलं. दुपारपर्यंत बारा भोकं झाली. कोपरे तुझी वहिनी करते. माझ्या पटाशीला आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता, पण बाईचा हात बरा आहे.

माझी तब्येत ठणठणीत आहे, मनगटसुद्धा. तुझ्या बायकोला म्हणावं, नवऱ्याला सांभाळ, मशीन मी सांभाळतो.

तुझा दादा, कोंडीबा

---

करमाळा,
३० ऑक्टोबर १९७४

जोतीरामभावजींस आशीर्वाद.

माझ्या हातनं मोठी चूक झाली. खंडेनवमीला समद्या हत्यारांसंगं मशीनबी पुजायचं ठरलं. ह्यांनी पटाश्या, करवती घासल्या, मशीन माझ्याकडं आलं. ठोकळ्यांच्या बुडात भुसा दडपून बसला व्हता. मी नट काढले, ठोकळे राकेलनं पुसले, हळदकुंकू लावून जिथल्या तिथं बसवले. निदान मला तरी वाटलं, जिथल्या तिथं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी ह्यांनी खिडक्यांच्या आठ उभ्या पट्ट्यांना भोकं पाडली. समदी अर्धा इंच खाली. ह्यांना वाटलं, आपलंच चुकलं. दोन दिस जेवले न्हाईत. मग म्हणाले, "हात गेलाच व्हता, आता डोस्कंबी गेलं." शाळंचं काम सोडून मशीन तुमच्याकडं धाडतो म्हणत्यात. ठोकळे मी काढले व्हते, हे अजून त्यांना सांगितलं न्हाय. भावजी, कायतरी करा.

तुमची वहिनी

---

सोलापूर,
२ नोव्हेंबर १९७४

ती. दादांस सा. न. वि. वि.

एक गोष्ट सांगायची राहून गेली. ठोकळ्यांना मी जुने नट घातले होते, त्यांचे आटे झिजलेले होते. थरथरीनं ते सैल होऊन ठोकळे सरकतात. तसं झालं असेल, तर चूक सर्वस्वी माझी. पार्सलनं नवे नट पाठवत आहे. आठ पट्ट्यांचं सागवानही मीच भरून देईन. मशीन परत धाडू नका, इथं खरंच जागा नाही.

रागावलात तरी पत्र पाठवा.

आपला जोतीराम

---

करमाळा,
८ नोव्हेंबर १९७४

चि. जोतीराम यास अनेक आशीर्वाद.

नवे नट पोचले. जुने काढून पाहिले, तर आटे करकरीत. एका नटाखाली मात्र कुंकू होतं, ठोकळ्याच्या बुडालाही. वरून वाहिलेलं कुंकू आवळलेल्या नटाखाली जात नाही.

आणि आठ पट्ट्या गेल्याचं मी तुला कधी रे कळवलं? लबाड माणसानं आकडा लिहू नये. मग सगळंच उलगडलं, तुझी वहिनीच तुला लिहीत होती. मशीनला जागा नव्हती म्हणे. तानाबाई तुला असं बोलेल होय? ती बिचारी मांजरालासुद्धा हाड म्हणत नाही.

आधी राग आला. मग दुकानात बसून डोळे पुसले. स्वतःच्या भावाला लिहायला मला लाज कसली वाटत होती? मला वाटलं होतं डोकं गेलं, आणि होतं काय, तर चिमूटभर कुंकू. टाकाऊ तुकड्यावर आधी बघा म्हणून तू लिहिलं होतंस. मी बघितलं नाही, तेव्हा चूक माझी. ठोकळ्यांच्या जागी आता खिळ्यानं रेघा ओढून ठेवल्यात. आठ पट्ट्या कापून झरोक्यांना लागल्या, सागवान पाठवू नकोस. चोवीस खिडक्या येत्या सोमवारी टेंभुर्णीला जातील.

माझं मनगट गेलंय, जोतीराम. हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगतोय. दुकान मोडत नाही.

दिवाळीला दोघं या. फक्त मला सगळं कळलंय, हे वहिनीला बोलू नकोस. काल नवे नट बघून ती म्हणाली, "भावजींचंच चुकलं व्हतं बगा."

मी म्हटलं, "व्हय, त्याचंच."

तुझा दादा, कोंडीबा