राणीचा नाच

रविवार, दिवेलागण

आज राणीचा काटेरी लगाम काढलाच. पाच वर्षं वरातीत हीच घोडी, हाच लगाम. बँड वाजला की ती मान उडवते, पाय आपटते, आणि लोक म्हणतात, काय नाचते. मीही तेच म्हणायचे. काल तिचं तोंड उघडून पाहिलं तर जिभेवर जुने वण. ती नाचत नव्हती, काटे चुकवत होती. मला इतके दिवस कसं दिसलं नाही?

नांदुऱ्याहून गुळगुळीत कडीचा लगाम आणला. गळ्याखालच्या पट्ट्यात माझी दोन बोटं सहज जातील एवढा सैल बसवला.

दीर म्हणाले, "वहिनी, आता थे नाचन कशी? लोकं काऊन बोलावतीन मंग आपल्याले?"

"नवरदेवाले बसवाचं हाय ना भाऊजी? थे बसवन. नाचाले वऱ्हाडी हायेत."

ते रुसलेत. रुसू दे. उद्या वडनेरला वरात आहे. निघताना पट्ट्यात पुन्हा दोन बोटं घालून पाहीन. जुना लगाम पिशवीत घेतलाय. घोडी का नाचत नाही असं जो विचारेल, त्याच्या हातात देईन. म्हणेन, घाला तोंडात, तुम्हीच नाचून दाखवा.