चुंबकाशेजारचा पत्रा

१२ जानेवारी, टेमा बंदर

लागले एकदाची नोकरीला! काम सोपं आहे. धक्क्याला बांधलेल्या जुन्या जहाजाच्या पोटात एक टाकी आहे, तिच्यात गुडघाभर समुद्राचं पाणी. पाण्यात ताटाएवढे पोलादी पत्रे टांगलेत, निम्म्यांना लोहचुंबक लावलेले. चुंबकाजवळ पोलाद जास्त गंजतं की कमी, ते पाहायचं. दर आठवड्याला पत्रा काढायचा, ॲसिडने गंज धुवायचा, वजन घ्यायचं. उतरण्याआधी अर्धा तास पंखा लावायचा, असं ओडार्ते साहेबांनी दोनदा बजावलं. गंज बंद टाकीतली हवा खातो म्हणे.

टाकीच्या झाकणाशी क्वार्ले मावशी केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, विकायला बसते. गिऱ्हाईक सगळं धक्क्यावर आणि ही इथे! मला पाहताच म्हणाली, "आडोले ना तू? एवढीशी काडी! या भोकातून घसरून जाशील. खा आधी." दोन गोळे वाढले, वर तळलेला मासा.

१६ जानेवारी

मावशी तिथेच का बसते ते कळलं. तिचा मुलगा तेतेह माझ्याआधी या कामावर होता. गेल्या वर्षी पंखा बिघडला, तरी तो उतरला. वर आलाच नाही. तिला तिथून उठ म्हणायला साहेबांची जीभ रेटत नाही.

१९ जानेवारी

पहिले दोन पत्रे काढले. साध्या पत्र्यावर गंज सारखा पसरलेला. चुंबकाशेजारच्या पत्र्यावर मात्र तळव्याचा आकार. पाच बोटं, करंगळी वाकडी. साहेब म्हणाले, चुंबकाच्या ओढीने गंज कधीकधी असा रेषारेषांनी बसतो.

मावशीने करंगळीवरून बोट फिरवलं. तेतेहची अशीच, लहानपणी होडीत चेंगरली होती, म्हणाली. "धुऊ नकोस गं. वर्षाने हात दिसलाय माझ्या लेकराचा."

वजन घ्यायचं होतं. मी धुतला. ती बघत होती.

२० जानेवारी

मावशीने माझ्यापुढे केंकी ठेवली. मग टाकीकडे तोंड करून बसली.

२३ जानेवारी

सकाळी आले तर झाकण उघडं, पंखा बंद. मावशी आत, पाण्यात बसलेली, पत्र्याला गाल टेकून. गार पडलेली. पत्र्यावर तोच तळवा, आणि तिचा हात त्यात ठेवलेला. साहेबांनी आणि मी मिळून ओढला. चुंबक माणसाला धरत नाही. तरी सुटेना —

२६ जानेवारी

उरलेले पत्रे धुऊन काम संपव, म्हणतात साहेब. चुंबकाशेजारच्या प्रत्येकावर आता दोन हात आहेत. मोठा, आणि त्याने धरलेला लहान. एक धुतला. कोणीतरी रडत होतं — मीच असेन.

२७ जानेवारी

पंख्यासाठी थांबले नाही, तशीच उतरले. हवेतला प्राणवायू मोजायचं यंत्र अठरावर; बाहेर एकवीस असतो. आता सोळा. वर जायला हवं.

पत्र्यावरचा लहान हात सुटा झालाय. उघडा. मागितल्यासारखा —

मावशी, मी धुवायला नको होतं. एवढंच सांगते आणि जाते. एकदाच तळवा टेक