शाहिरांच्या फोनातली चिप

५ मार्च, गुरुवार

सकाळपासून दुकानात नुसते चार्जिंगचे फोन. एकाच्या भोकात चक्क ज्वारीचा दाणा निघाला.

दुपारी तलवाड्याचे शाहीर आले, सोबत बायको. आधी ओळखलंच नाही मी. अंगावरचं सगळं मांस उतरलंय. गळ्याला पांढरा रुमाल, त्याच्या आत भोक, श्वास तिथून. बायको, गयामावशी, म्हणाल्या, "गळ्यात गाठ झालती. बोलायचं यंत्रच काढून घेतलं डाक्टरनं." शाहिरांच्या काखेत लहान पोराची असते तशी पाटी. बोलायचं ते पाटीवर.

फोन म्हशीच्या हौदात पडलेला. तळाशी किती दिवस होता कुणाला माहीत नाही. मग तांदळात ठेवला, मग उन्हात. बीडच्या एका दुकानदाराने टाकून द्या सांगितलं.

शाहिरांनी पाटीवर लिहिलं, "फोन नको. आतलं पायजे."

सांगितलं त्यांना, फोन मेला तरी आठवण वेगळ्या चिपमध्ये असते, ती जिवंत असू शकते. आधी बारीक तारा लावून बघते. नाही जमलं तर चिप बोर्डावरून उपटून काढावी लागेल, गरम करून. त्यात ती जळाली तर कायमची गेली.

शाहिरांनी मान हलवली. मावशी म्हणाल्या, "कशाला जिवाला घोर? मेला तर मेलाय तो." शाहिरांनी काउंटरवर बोट आपटलं. दोनदा. मावशी बाहेर जाऊन बाकड्यावर बसल्या.

६ मार्च, शुक्रवार

बोर्ड उघडला. हिरवा पडलाय सगळा. ब्रश मारला, धुतला, वाळवला. पॉवर दिली की लगेच गरम. मुख्य आयसीच गेलीय, चालू व्हायचं नाव नाही. एक बरं, फोन जुना आहे. नव्या फोनात चिप काढूनही फायदा नसतो, कुलूप बोर्डातच राहतं. यात तसं काही नाही.

विलास पंपाचं काम सोडून बघायला आला. (शेजारच्या गाळ्यात फवारणीचे पंप दुरुस्त करतो, पण माझ्या भिंगात डोकावल्याशिवाय दिवस जात नाही.) म्हणाला, "शाहिरांचा फोन? मी लग्नाआधी ऐकलंय त्यांना धर्मापुरीला. काय आवाज होता बे!" मला बे म्हणाला हे पण कळलं नाही त्याला.

मी ऐकलंय ते लांबून. माहेरी जयंतीला ते यायचे, ओढ्यापलीकडं. आमच्या घरातलं कुणी पलीकडं जायचं नाही. का जायचं नाही ते कुणी सांगायचंही नाही. मी घरावर, माळवदावर बसायची. शब्द निम्मेच यायचे, बाकीचे वाऱ्यावर.

९ मार्च, सोमवार

तारा लावल्या. केसापेक्षा बारीक. श्वास धरून एकेक ठिपक्यावर टाका. मशिनला जोडलं, चिप ओळखली! नाव दिसलं, साईज दिसली. वाचायला सांगितलं तर तुटलं. परत जोडलं. परत तुटलं. बोर्डाच्या आतली वाटच कुजलीय बहुतेक, वरून कितीही तारा लावा.

मान आखडली.

११ मार्च, बुधवार

फोन केला. मावशींनी उचलला. तारांनी जमलं नाही म्हटलं.

"न्हाई ना निघत? मग ऱ्हाऊ द्या ताई. मी सांगते ह्यांना."

सुटल्यासारखा आवाज. आणलेलं काम झालं नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक कधी असं बोलत नाही. म्हटलं, चिप काढायचं अजून बाकी आहे. "नगं नगं. कशाला जाळता." ठेवून दिला.

काय आहे त्यात?

१२ मार्च, गुरुवार

शाहीर आले. एकटे, एसटीने. धाप लागलेली, रुमाल भिजलेला. पाणी दिलं. पाटी काढली.

"ती नको म्हनली?"

हो म्हटलं.

पुसून लिहिलं, "चिप काढा. फोन माझा हाय."

म्हटलं बाबा, जळाली तर काही हाती राहणार नाही. त्यांनी पाटी मांडीवर घेतली. मग लिहिलं आणि पाटी माझ्याकडं फिरवली.

"आवाज माझा. गाणी तिची."

मी परत वाचलं. शर्टाच्या बाहीने पुसून पुढचं. असं पाटी भरत, पुसत सगळं सांगितलं त्यांनी. खुरपताना, भाकरी थापताना गयामावशी रचायच्या. अक्षरओळख नाही, सगळं डोक्यात. शाहीर विसरायचे, म्हणून मावशी म्हणायच्या आणि ते फोनमध्ये भरून घ्यायचे. मग स्टेजवर. नाव शाहिरांचं, हार शाहिरांना. आता गावातली पोरं त्यांच्या गाण्यांचं पुस्तक छापतायत जयंतीला. शाहिरांनी पाटीवर लिहून दिलं की गाणी बायकोची. पोरं हसली. "शाहीर, किती मोठं मन तुमचं!" मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, आजारपणानं ह्यांचं डोकं हललंय.

शेवटी लिहिलं, "मी बोलू शकत न्हाई. तो फोन बोलंल."

खडू मोडला. मी दुसरा शोधला, नव्हता. ते तसेच उठले. स्टँडपर्यंत विलास गेला सोडायला.

१४ मार्च, शनिवार

काढली.

सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आत. शटर अर्धं खाली. पंखा बंद, वाऱ्याने उष्णता हलते. चिपच्या कडेला काळा गोंद, तो आधी कोरला. मग गरम हवा, गोल गोल, एका जागी थांबायचं नाही. चिमटा टेकवून वाट बघायची. जरा हलली की उचलायची, जोर नाही करायचा. हलली. उचलली.

थंड होऊ दिली. साफ केली, मशिनच्या खाचेत बसवली. पहिल्यांदा काहीच नाही. परत साफ केली. मग आली. वाचायला सुरुवात झाली आणि लाईट गेली! इन्व्हर्टरवर निभावलं. विलास पंप उघडा टाकून दारात उभा, कुणाला आत येऊ देईना.

सगळं निघालं. फोटो, भाच्याचं लग्न, आणि रेकॉर्डिंग, ढीगभर.

नीट वाजतंय का बघायला एक लावलं. भांड्यांचा आवाज. शेळी. मग मावशी, खालच्या पट्टीत, सरळ:

उजेड आमी आनला बाई, आमच्या हातानं...

मग शाहीर, तेच, पण भरून: "उजेड आमुचा आला बाई..."

"आला न्हाई वो! आनला म्हना. आपसूक आलाय व्हय? आपुन आनलाय."

शाहीर हसतात. मोठ्यानं, सगळ्या घरात भरेल असं. परत म्हणतात, बरोबर.

बंद केलं. दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखं झालं.

१५ मार्च, रविवार

विलास म्हणतो, "तुझं काम फोनातलं काढायचं. कुणी काय करायचं ते त्यांचं ते बघतील." खरं आहे. पण फोन शाहिरांचा, आवाज मावशींचा. द्यायचं कुणाला? त्या नको म्हणाल्यात. मला सरळ नको म्हणाल्यात.

शाहिरांना अजून कळवलं नाही.

१७ मार्च, मंगळवार

दुपारी मावशी आल्या. एकट्या. वडगावला बहिणीकडं जाते सांगून निघालेल्या, उतरल्या इथं. चहा मागवला. कप हातात घेऊन बसून राहिल्या.

"निघालं का काई?"

खोटं बोलायचं तोंडावर आलं होतं. नाही जमलं. "निघालं मावशी."

"समदं?"

"समदं."

"पुसता येतं?"

"येतं."

मग त्या बोलल्या, कपाकडं बघत. त्यांच्याच शब्दात लिहिते, जेवढं आठवतं तेवढं.

"लोकं ह्यांना शाहीर म्हनतेत ताई. कुठं बी गेले तर खुर्ची देतेत. पाटलाच्या दारात बी दिली, लई वर्षानं का हुईना. आता आवाज गेला. जेवताना ठसका लागतो, लेकरासारखं पुसावं लागतं. ऱ्हायलं काय त्यांच्याकडं? येवढं नाव. ते बी मीच काढून घेऊ? मला काय करायचं हो नाव?"

"पण त्यांनाच द्यायचंय तुम्हाला."

"त्यांना काई बी द्यायचंच असतंय. सोताकडं काय ऱ्हातंय ते बगत न्हाईत."

विचारलं, एक ऐकता का? पुसायच्या आधी. नको म्हणाल्या. मग म्हणाल्या, लावा.

तेच लावलं. स्वतःच्या आवाजावर मावशींचा चेहरा हललाही नाही, शेजारणीचं ऐकावं तशा. शाहिरांचा आवाज आला आणि कप खाली ठेवला. ते हसले तिथं पदर तोंडाला लावला. ऑपरेशनला दोन दिवाळ्या झाल्या, त्यानंतर हे हसू आज पहिल्यांदा कानावर पडलं.

"परत लावा."

लावलं. स्पीकरला कान टेकवून बसल्या. परत. बाहेर गिऱ्हाईक उभं होतं, विलासने त्याला परस्पर वाटेला लावलं.

उठताना म्हणाल्या, "आज पुसू नका." दारातून वळून, "ह्यांचं असं हसनं मी इसरलेच होते बगा."

चहा तसाच राहिला.

२० मार्च, शुक्रवार

दोघं आले. मावशींनीच घरी सांगून टाकलं म्हणे, मी गेलते, ऐकून आले.

शाहिरांना खुर्ची दिली. लावलं. डोळे मिटून बसले. ओठ हलत होते गाण्याबरोबर, हवा सगळी रुमालातून. मध्येच बोटं मांडीवर ठेका धरायची. त्यात हसू आलं तेव्हा तेही हसले. तोंड तसंच, खांदे तसेच, फक्त आवाज नाही. मी भिंगाकडं बघत बसले.

सगळं एका कार्डावर भरून ठेवलं होतं. कुणाच्या हातात द्यायचं म्हणून काउंटरवर मधोमध ठेवलं.

शाहिरांनी लिहिलं, "पोरांना ऐकवायचं." मी मावशींना वाचून दाखवलं.

मावशींनी पदराने पाटी पुसली.

परत लिहिलं, तेच. परत पुसली. तिसऱ्या वेळी शाहिरांनी पाटी छातीशी धरली, पुसता येऊ नये म्हणून. मावशी रागाने, पण हळू, "आन मग तुमी कोन? मी गानी केली तर तुमी कोन?"

शाहिरांनी पाटी काढली. थोडी जागा होती कोपऱ्यात. तिथं लिहिलं.

"गयाचा आवाज."

हे मात्र मावशींना कळेना. वाचता येत नाही ना. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी वाचून दाखवलं.

त्यांनी कार्ड उचललं, कनवटीला खोचलं, शाहिरांचा हात धरला. "चला. गाडी जाईल."

२८ मार्च, शनिवार

तलवाड्याचा एक मास्तर स्क्रीन बदलायला आला. सहज विचारलं. म्हणाला, पुस्तक अडकलंय. आतली पानं छापून तयार, वरचं पान, नावाचं, शाहीर छापू देईनात. पोरं घरी गेली, तर मावशींनी चहा पाजून परत पाठवली. म्हटलं, त्यांना ऐकवलं का काही? नाही म्हणाला, ऐकवायचं काय? मी विषय बदलला.

माझ्याकडं एक प्रत आहे अजून. काम परत दिलं की मी पुसते, नेहमीचा नियम. बटणावर हात जातो आणि मागे येतो.

चिप डबीत ठेवलीय. तिचं काय करायचं हे कुणी विचारलंच नाही.

२ एप्रिल, गुरुवार

मावशींचा फोन, दुपारी. कामात होते, स्पीकरवर घेतला.

"ताई, गयाबाई बोलते तलवाड्याहून. एक इचारायचं हुतं. ह्यांच्या नव्या फोनात त्ये भरून घ्यायचं कुठं असतंय? मी माज्यावरनं बोलतेय, त्यांचा हातात हाय."

सांगितलं. माईकचं चित्र शोधा. सापडेना. मागं कुणीतरी पाटीवर खडू टकटक करत होतं. "थांबा वो, शोधतेय की," मावशी तिकडं म्हणाल्या. मग, "हां, घावलं. आता?"

"लाल गोल दिसतोय का? तो दाबा."

"दाबला. आकडे पळायले."

"मग चालू झालं. बोला आता."

"काय बोलू?"

"तुम्हाला भरायचंय ते."

"आदी नाव सांगावं लागतं का?"

म्हटलं, "सांगायचं असलं तर सांगा."

पलीकडं शेळी ओरडली. खडू थांबला. मावशींनी घसा साफ केल्याचं ऐकू आलं, आणि फोन कट झाला.