शेवग्याआडचा ध्रुव

भामा आत्या,

शेवग्यावर एकशे सदतीस शेंगा होत्या, कोवळ्या बावीस धरून. सगळ्या मोजून टोपलीत ठेवल्या आहेत. झाड काल मी तोडवलं. तू ओरत्तनाडूला गेल्याची वेळ साधली, हे कबूल करते.

दुर्बिणीसाठी दोन संगणकी स्टँड पाहिले होते. एकाला कुठलेही दोन तारे दाखवले की बाकीचे तो स्वतः शोधतो. दुसरा आधी ध्रुवाकडे रोखावा लागतो, पण फोटो त्यावर चांगले येतात. मी दुसरा निवडला, आणि ध्रुव झाडाआड होता. “एवढं आभाळ पडलंय, तुला माझ्या शेवग्यामागचंच हवं का गं?” असं तू विचारलंस, तेव्हा मी हसले होते.

पापनाशमला वरलक्ष्मीमावशींकडे जाते आहे. हा शेवगा लावायला तू ज्या झाडाची फांदी आणली होतीस, त्याचीच दुसरी आणते. खड्डा खणून ठेवला आहे. जेवायला थांबू नकोस.

विनुता

ता. क. झाड तोडण्याआधी घ्यायचं मोजमाप आज सकाळी घेतलं. तंजावरहून ध्रुव क्षितिजाच्या वर पावणेअकरा अंशांवर असतो. झाडामागे शेजाऱ्यांची पाण्याची टाकी आहे. तिचा माथा चौदा अंशांवर आहे.