काचेआडची हिरवी चांदणी

गुरुवार, दिवेलागण

घरच्या कामाला स्वस्तातलं वेल्डिंग मशीन बघायला उद्यमनगरात गेलतो. आमच्या काळी मशीन हलवायला चार गडी लागायचे. हे मी एकट्यानं उचललं! पण रॉड धरायचा हात आता थरथरतो. जमेल का पुन्हा? पूर्वी हात जरा हलला की रॉड पत्र्याला चिकटूनच बसायचा.

दुकानदारीण म्हणाली, "आजोबा, लावून तर बघा की. चिकटला तर करंट आपोआप तुटतोय."

हात थरथरलाच. रॉड चिकटला... आणि अलगद सुटला! केवढी ही माया यंत्राला! पुन्हा लावला. डोळ्यांपुढं धरलेल्या काळ्या काचेआड ठिणगीची हिरवी चांदणी. हात घाई करू नये म्हणून पूर्वीसारखी शाळेतली कविता पुटपुटत राहिलो. थरथरत्या हातानंही सांधा सरळ चालला.

"मोठं मशीन दावू काय?"

"हेच बांध, पोरी," म्हटलं, "पण थांब. अजून एक कडवं राहिलंय."