ओट्यावर ठेव

जिम्मा, इथिओपिया
रविवार, १३ मार्च १९८३

ती. कमलाबाईस,
कांताचा सप्रेम जय भीम.

तुझं जानेवारीतलं पत्र परवा मिळालं. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि पट्टी असतानाच ती शेजारच्या केसरबाईशी अंगणावरून भांडली, हे वाचून जिवात जीव आला. भांडते आहे म्हणजे तब्येत चांगली आहे. भाऊला माजरीला खाणीचं क्वार्टर मिळालं, तेही कळलं. आणि गडचिरोली वेगळा जिल्हा झाल्यामुळे आता आरमोरीला मामाकडे जायचं म्हणजे आपण परजिल्ह्यातले पाहुणे. मामाचा रुबाब वाढला असेल.

एक आधीच सांगते. हे पत्र अंगणात वाचू नकोस. माझं पाकीट आलं की तू चटई टाकून बसतेस आणि सगळा मोहल्ला गोळा होतो, हे मला माहीत आहे. हे एकटीनं वाच, आईलाही वाचून दाखवू नकोस.

मी बरी आहे. इथलं घड्याळ सूर्य उगवल्यापासून मोजतात, हे मी तुला लिहिलं नव्हतं, कारण त्यात माझी फजिती आहे. पहिल्या दिवशी मला शाळेत दोन वाजता बोलावलं होतं. मी नीट जेवून, नवं लुगडं नेसून दुपारी दोनला पोचले. त्यांचे दोन म्हणजे सकाळचे आठ. मुलं केव्हाच घरी गेली होती. नववीच्या वर्गात बासष्ट जण आहेत. पहिला महिना त्यांना माझं इंग्रजी कळेना आणि मला त्यांचं. आता सगळा वर्ग चिमूरच्या चालीवर इंग्रजी बोलतो, आणि मी बाजारात अम्हारिकमध्ये घासाघीस करते. जंगल आपल्यासारखंच दाट आहे, पण त्यात मोहाची फुलं नाहीत. त्या वासाशिवाय मार्च महिना अर्धवट वाटतो.

तू लिहिलंस की बापूरावांच्या कमिटीनं विहारामागची खोली मुलींच्या वाचनालयासाठी काढली आहे, आणि वर्षावासाच्या पहिल्या दिवशी, आषाढी पौर्णिमेला, ती माझ्या हातानं उघडायची ठरवली आहे. मी जुलैत सुटीवर येणार म्हणून दिवससुद्धा माझ्यासाठी धरला. माझा फोटो मागितला आहेस. आणि माझ्या पहिल्या पत्रातलं ते वाक्य, ‘इथं कोणी जात विचारत नाही, बाई’, बापूराव मोठ्या अक्षरात रंगवून घेणार आहेत.

कमलाबाई, ते वाक्य रंगवू देऊ नकोस.

इथं खरंच कोणी विचारत नाही. इथल्या लोकांत आडनावच नसतं. स्वतःचं नाव आणि पुढे बापाचं, झालं. त्यामुळे मी ‘मिस कांता देवाजी’ झाले. रामटेके हे नाव पासपोर्टमध्ये राहिलं. पहिल्यांदा हजेरीपटावर ते नसलेलं पाहिलं तेव्हा मला मोकळं वाटलं. बाबांचं नाव पुढे आलं म्हणून आनंद झाला असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं.

शाळेच्या मागे आम्हा भारतीय मास्तरांची चार घरं आहेत. त्यातल्या गणिताच्या सरांची बायको आशाबाई नागपूरची. मराठी ऐकून मी तर धावतच तिच्याकडे गेले. तिनं मला विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तिनं मनाशी काहीतरी धरलं आणि मी ते तसंच राहू दिलं. संक्रांतीला तिच्याकडे हळदीकुंकवालाही जाऊन आले. आईला हे वाचून दाखवू नको म्हणण्याचं हे पहिलं कारण.

दुसरं कारण वोर्कनेश.

ती माझ्याकडे धुण्याला आणि स्वयंपाकाला येते. चाळिशीची असेल, नवरा नाही, लेक माझ्याच वर्गात आहे. पहिले तीन महिने आम्ही दोघी एकाच ताटात जेवायचो. इथं तीच रीत आहे. आपल्या तांदळाच्या आयत्यांसारखी मोठी, आंबूस पोळी, इंजेरा, पसरतात, तिच्यावर कालवण घालतात आणि सगळे भोवती बसतात. मला अम्हारिक तिनंच शिकवलं. मला ताप आला तेव्हा दोन दिवस ती घरी गेली नाही.

एकदा आशाबाईनं आम्हाला जेवताना पाहिलं. ती हसली आणि नंतर मला बाजूला घेऊन म्हणाली की ह्या लोकांना इतकं जवळ घेऊ नये. चारही घरांत कामवाल्यांचं खाणं मागच्या ओट्यावर ठेवतात, त्यांची ताटली वेगळी, चहाचा मग वेगळा. मी एकटीच वेगळी वागले तर ती म्हणेल, ही अशी कशी, कोणाकडची? एवढ्या एका भीतीनं मी दुसऱ्या दिवशी बाजारातून निळा मग आणि ताटली आणली. वोर्कनेश त्या दिवसापासून ओट्यावर बसून जेवू लागली. आपल्या देवाधर्माचं काही असेल असं तिला वाटलं असावं.

इथं एक चाल आहे, तिला गुर्शा म्हणतात. ज्याच्यावर जीव आहे त्याला आपल्या हातानं घास भरवायचा. तो नाकारणं म्हणजे तोंडावर मारणं. मला हे माहीत नव्हतं असं नाही, वोर्कनेशनंच मला कितीदा भरवलं होतं.

जानेवारीत त्यांचा मोठा सण झाला. वोर्कनेश पांढरे कपडे घालून, कोंबडीचं कालवण घेऊन आली. तिची लेक इंग्रजीत वर्गात पहिली आली होती. माझ्याकडे आशाबाई आणि आणखी दोघीजणी बसल्या होत्या. वोर्कनेशनं सगळ्यांना वाकून नमस्कार केला, टोपली उघडली, घास केला आणि माझ्या तोंडापाशी आणला. तिचे डोळे भरले होते. आशाबाई माझ्याकडे बघत होती.

मी तोंड फिरवलं. म्हटलं, “ओट्यावर ठेव.” अम्हारिकमध्ये म्हटलं, तिनंच शिकवलेल्या शब्दांत.

तिनं तो घास टोपलीत ठेवला, झाकण लावलं आणि गेली. आशाबाईनं दुसरा विषय काढला, आणि मी त्यावर बोलले. चांगला अर्धा तास बोलले.

दुसऱ्या दिवशी वोर्कनेश वेळेवर कामाला आली. दुपारी मी तिला खायला आत बोलावलं, ती दारातच उभी राहिली. मी इंजेरा हातात द्यायला गेले, तर तिनं हात पुढे केला नाही. अंगावरच्या शालीचं टोक दोन्ही हातांनी पसरलं, माझा हात तिला लागू नये म्हणून. आणि खाली बघत उभी राहिली.

तुला सांगायला नको. धानाच्या रोवणीला बांधावर आई पदर पसरून उभी असायची आणि मालकीण वरून भाकर टाकायची. मग आई-बाबा नागपूरला दीक्षा घेऊन आले, आणि पुढच्या रोवणीला आईनं पदर पसरलाच नाही. “हातात देशीन तं दे, बाई. नाई तं राहू दे,” म्हणाली, आणि दिवसभर उपाशी चिखलात उभी राहिली. तू तेव्हा तिच्याबरोबर होतीस. मी बांधावर भुकेनं रडत होते. त्या बाईची लेक मी, आणि मी ती मालकीण झाले. मला कोणी सांगितलं नव्हतं, कोणी भाग पाडलं नव्हतं.

निळा मग मी फेकला. म्हणजे काही मोठं केलं असं नाही. मागच्या रविवारी वोर्कनेशच्या घरी गेले. तिनं कॉफी भाजली, मला चांगल्या स्टुलावर बसवलं. मी तिची माफी मागितली, आमच्या घरचं सगळं सांगितलं. पदराचं सांगितलं. जेवायला वाढल्यावर तिनं लेकीला घास भरवला, लेकीनं तिला भरवला. मी वाट पाहत राहिले. शेवटी लाज सोडून म्हटलं, वोर्कनेश, मला एक घास दे.

“मिस कांता,” ती म्हणाली, “गुर्शा मागून घेत नसतात. जेवा, तुम्ही पाहुण्या आहात.”

रागानं नाही म्हणाली. राग असता तर बरं झालं असतं.

आशाबाईला मी अजून काहीच सांगितलेलं नाही. तोंडाशी येतं आणि गिळते. तेही लिहून ठेवते, नाहीतर तुला वाटेल की मी सुधारले.

तेव्हा फोटो पाठवत नाही. बापूरावांना सांग, कांतानं नाही म्हटलं. कारण विचारलं तर त्यांना हे पत्र वाचायला दे, त्यांच्यापासून लपवू नकोस. वाचनालय आईच्या हातानं उघडा. तिला अक्षर येत नाही म्हणून ती लाजेल, तरी तिच्याच हातानं उघडा.

आईला मात्र तू काही सांगू नकोस. तू सांगितलंस तर मला सांभाळून घेशील, परदेशात एकटी पोर, घाबरली असेल, असं काहीतरी म्हणशील. मी जुलैत येते. तिच्यासमोर बसून मीच सांगेन. ती मला घरात घेईल हे मला माहीत आहे. हातानं वाढेल की नाही, ते माहीत नाही.

तुझी धाकटी बहीण, अजून म्हणावीशी वाटली तर,
कांता