गोलचे खांब, वडिलांची पटाशी आणि गेनबाची सही

लिहून ठेवणार मी, मकसूद इब्राहिम सारंग, वय वर्षे बहात्तर, मूळ गाव दाभोळ, सध्या राहणार विश्रांतवाडी, पुणे. पूर्वीचा धंदा होड्या जोडण्याचा, आताचा डॉक्टरांकडे जाण्याचा. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. पत्नी नूरबानू हिला त्याबद्दल शंका आहे, पण ती लग्नापासूनची आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. राग आहे, पण रागात लिहिलेले मृत्युपत्र बाद होत नाही, असे माझ्या वकील श्यामला खरे यांनी सांगितले आहे. याआधी मी असा कागद केलेला नाही. हाच पहिला आणि हाच शेवटचा समजावा.

श्यामलाबाईंनी सदाशिव पेठेतल्या त्यांच्या ऑफिसात मला एक छापील मसुदा दिला होता. मी त्यात भर घालून नेला, तेव्हा त्या चष्म्यावरून पाहून म्हणाल्या, "सारंग, हे मृत्युपत्र आहे, सामन्याचा वृत्तान्त नव्हे." मी म्हटले, वृत्तान्त दुसऱ्यांनी लिहून भिंतीवर लावलाय, म्हणून तर आलो.

कलम १. विश्रांतवाडीचा दोन खोल्यांचा फ्लॅट आणि बँकेत जे काही उरेल ते. आमच्या शरीयतप्रमाणे मालमत्तेच्या फार तर तिसऱ्या हिश्शापुरती माझी मर्जी चालते. बाकीचे नूरबानू, मुलगा अझीम आणि मुलगी नाजिमा यांना ज्याच्या त्याच्या वाट्याप्रमाणे जाईल, त्यात मी ढवळाढवळ करत नाही. नूरबानू जिवंत असेतोवर फ्लॅट विकू नये, एवढी विनंती. तिने क्लबच्या जर्सी वीस वर्षे धुतल्या. माझ्या तेवढ्या तिने टाकून दिल्या असत्या तरी मी काही बोललो नसतो.

कलम २. माझ्या वडिलांची पटाशी आणि लाकडी हातोडा. होडीच्या फळ्यांमधल्या फटीत काथ्या ठोकायची ही हत्यारे वडिलांनी दाभोळहून आणली होती. मुळा नदीच्या काठी, कळसच्या बाजूला, होड्या आणि तरंगत्या पुलांखालचे पोकळ पंटून बांधणारा कारखाना निघाला, तेव्हा कोकणातून जे सुतार आले त्यांत ते होते. लोक त्या कारखान्याला गोदी म्हणत. पुणेकर विचारत, "गोदी इथे, मग समुद्र कुठे ठेवलाय?" त्याच सुतारांनी १९५८ साली गोदी स्पोर्ट्स क्लब काढला. ही हत्यारे मी अझीमला देतो. तो हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करतो आणि ती दिवाणखान्यात शोभेला ठेवील. ठेवू दे. त्याचा फ्लॅट नवीन आहे, कधीतरी गळेलच.

कलम ३. गोलचे दोन उभे खांब आणि एक आडवा पाइप. ही माझी खरी मालमत्ता. कारखाना १९९१ साली बंद पडला, भंगाराचा लिलाव झाला, त्यात मी ती रीतसर घेतली आणि होती तिथेच, मैदानावर उभी ठेवली. मैदान विकले गेल्यावर ती आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आली. "पार्किंगमध्ये लोखंड ठेवू नये" अशी सेक्रेटरींची नोटीस आजही जिन्यात लटकते आहे. स्वतःची बंद पडलेली मोटार हे लोखंड नाही, असे त्यांचे मत असावे.

हे खांब कोणाला द्यायचे ते सांगण्याआधी त्यांची हकीकत लिहितो. श्यामलाबाईंनी हा भाग पाहू नये.

आम्ही अर्धे कामगार, अर्धे खेळाडू होतो. सकाळी वेल्डिंग, दुपारी सराव, सामन्याचा भत्ता पगारात. मी गोलकीपर. गेनबा भैरू साकोरे हा कॅप्टन, कारखान्यात मापाचा फोरमन आणि माझा मित्र. मैदानाची जमीन त्याच्याच घराण्याची, कारखान्याने भाड्याने घेतलेली. सामने शहरात होत, सराव या मैदानावर. १९७९ साली तिथला एकुलता बांबूचा गोल काढून लोखंडी लावायचा ठरला. पंटूनचे उरलेले जाड पाइप घेऊन गेनबाने माप घेतले, मी जोडले.

होडी बांधणारा माणूस रुंदी नेहमी बाहेरून बाहेर मोजतो, कारण ती फाटकातून निघाली पाहिजे, ट्रकवर बसली पाहिजे. गेनबाने गोल तसाच मोजला. फुटबॉलचा गोल आतून आत मोजतात. दोन पाइपांची जाडी आत गेली आणि आमचा गोल जवळपास फूटभर अरुंद झाला. कोणाला कळले नाही, कारण मापाच्या बाबतीत गेनबाला विचारायची पद्धतच नव्हती.

कारखान्याचा एक रिवाज होता. होडी ज्याने मापली, पाण्यात सोडल्यावर तीत पहिल्यांदा त्याने बसायचे. बुडाली तर त्याच्यासकट. म्हणून नव्या गोलमध्ये पहिल्यांदा गेनबा उभा राहिला आणि मी बॉल मारला. तो खांबाला लागून बाहेर गेला. सगळे हसले. माप बरोबर असते तर तो गोल होता.

चार वर्षे मी त्या गोलमध्ये सराव केला. खांब कुठे आहे हे कीपर डोळ्यांनी बघत नाही, त्याच्या अंगाला ते माहीत असते. माझ्या अंगाला चुकीचे माहीत झाले. शहरातल्या मैदानांवर गोल मोठा वाटायचा. मी तसे बोललो, तर पोरे म्हणाली, "गोल मोठा नाही मकसूद, तुझा जिगर छोटा."

१९८३ चा अंतिम सामना. जिंकलो असतो तर क्लब वरच्या गटात गेला असता, खेळाडूंच्या नोकऱ्या पक्क्या झाल्या असत्या. शेवटच्या मिनिटाला एक फटका डावीकडून जमिनीलगत आला. बॉल बाहेर चालला आहे, असे माझ्या अंगाने मला सांगितले. मी हात आवरता घेतला. बॉल खांबाच्या आतून गेला.

त्या दिवसापासून माझे नाव भगदाड पडले. होडीच्या कारखान्यात याहून वाईट नाव नाही. मला संघातून काढले, दुपारची सुट्टी गेली, रंगकामाच्या शेडमध्ये टाकले. नाजिमाच्या लग्नात तिच्या सासरच्या कोणीतरी विचारले, "त्या भगदाडची ना ही मुलगी?" ती रडली नाही. तिने त्यांना जेवण वाढले. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

तरीही मी क्लब सोडला नाही. चुना मारला, जाळी विणली, कारखाना बंद पडल्यावर कोणी रिक्षा चालवू लागले, कोणी वॉचमन झाले, त्यांना रविवारी गोळा केले. का, हे मला विचारू नये. दुसरे काही येत नव्हते.

मग गेनबाचा मुलगा विक्रम याने मैदान टॉवरसाठी दिले आणि क्लबचे नाव व होडीचे चिन्ह हिंजवडीकडच्या एका अकादमीला विकले. मागच्या वर्षीच्या दिवाळीत निरोपाचा फोटो काढायला त्याने आम्हा जुन्यांना मैदानावर बोलावले. अकादमीचा एक ट्रेनर सोबत टेप घेऊन आला होता. त्याने गोलला टेप लावली आणि म्हणाला, "चाचा, हा गोल तर शॉर्ट आहे. ऑलमोस्ट एक फूट."

गेनबा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. मी त्याच्याकडे पाहिले. त्याने नदीकडे पाहिले.

"ठावं हाय मला," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"त्याच साली. फायनलच्या दुसऱ्या दिशी टेप लावली हुती."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर कारखान्यात माझं माप कुणी धरलं असतं का? मी मापाचा फोरमन हुतो, मकसूद."

त्याचे माप राहावे म्हणून माझे नाव गेले. एक्केचाळीस वर्षे तो माझ्या घरी ईदचा शीरखुर्मा प्यायला, वाटी पुढे करून दुसऱ्यांदा मागून प्यायला, आणि गप्प राहिला. मला राग आहे. दुःख त्याहून जास्त आहे, कारण मी त्याला विचारले असते तर तो खोटे बोलला नसता. मी विचारले नाही. मला वाटले, चूक माझीच.

मी त्याला एवढेच म्हटले की, जुन्या खेळाडूंसमोर हे एकदा बोल. तो बोलला नाही. अकादमीच्या भिंतीवर क्लबच्या इतिहासाचा फलक लागला आहे. त्यावर लिहिले आहे: "१९८३: गोलकीपरच्या चुकीमुळे अंतिम सामना गमावला." मी विक्रमला जाऊन सांगितले. तो म्हणाला, "चाचा, बोर्ड प्रिंट झालाय. आणि स्टोरीत थोडा ड्रामा लागतो ना." अझीमला सांगितले, तर तो म्हणाला, "अब्बा, सोडून द्या ना आता. इट्स जस्ट अ गेम." तो माझा मुलगा आहे म्हणून त्याला पटाशी दिली आहे, हातोडा डोक्यात घातलेला नाही.

म्हणून मी असे ठरवतो:

(अ) दोन्ही उभे खांब, नाजिमा ज्या शाळेत खेळ शिकवते तिथल्या मुलींच्या संघाला द्यावेत. हे माझ्या तिसऱ्या हिश्शातून. नाजिमाला नाही, संघाला, म्हणजे वारसाला जास्त दिले अशी तक्रार राहणार नाही. वर नवीन आडवा पाइप बसवावा, योग्य लांबीचा, आतून आत मोजलेला. त्याचा खर्चही याच हिश्शातून करावा.

(आ) जुना, तोकडा आडवा पाइप विक्रम गेनबा साकोरे याला द्यावा. टॉवरच्या प्रवेशद्वारावर लावायला उपयोगी पडेल. त्याला कथेत ड्रामा लागतो.

(इ) नवा गोल उभा राहिल्यावर कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे त्यात पहिल्यांदा गेनबाने उभे राहावे आणि मुलींनी बॉल मारावा. गुडघ्यांची सबब चालणार नाही. माझेही गेले आहेत.

कलम ४. माझे हातमोजे. फाटलेले आहेत. ते माझ्याबरोबर ठेवता येणार नाहीत, हे मला माहीत आहे. नूरबानूने त्यांचे काय करायचे ते करावे. तिने आजवर कधी विचारले नाही की तू हात का आवरलास. हे मी तिला तोंडाने सांगायला हवे होते, ते इथे लिहितो.

कलम ५. दफन विश्रांतवाडीच्या कब्रस्तानात करावे. अकादमीचा झेंडा, फुलांचे चक्र, विक्रमचा फ्लेक्स यांपैकी काहीही आणू देऊ नये. फ्लेक्स लावलाच तर नाजिमाने फाडावा, तिला तसा अधिकार मी देतो.

कलम ६. या सर्वाची अंमलबजावणी नाजिमाने करावी.

कलम ७. साक्षीदारांबाबत. आमच्यात मृत्युपत्राला साक्षीदार नसला तरी चालते, असे श्यामलाबाई सांगतात. मला तरी हवा, आणि तो गेनबाच हवा. घराच्या वाटणीसाठी मला हा कागद करायची गरज नव्हती. कलम ३ खाली त्याची सही पडावी, एवढ्यासाठी हा केला आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये म्हणतात, म्हणून त्याला मी काहीही दिलेले नाही. तो आडवा पाइप मनातून त्याचाच होता, पण पाइप की सही यांत मी सही घेतली. कागद त्याने पूर्ण वाचावा, दुसऱ्याकडून वाचून घेऊ नये. वाचून त्याला काही लिहायचे असेल तर लिहावे, जागा सोडली आहे. सही केली नाही, तर माझ्या जनाज्याला त्याने खांदा देऊ नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि तो माझ्या मनासारखा आहे म्हणून खाली सही केली.

पुणे, ९ नोव्हेंबर २०२५
(सही) मकसूद इब्राहिम सारंग

साक्षीदार क्र. १
सारंग यांनी माझ्यासमोर सही केली. कलम ३ पाहू नये असे लिहिलेले असल्याने ते दोनदा पाहिले.
(सही) अ‍ॅड. श्यामला खरे, सदाशिव पेठ, पुणे

साक्षीदार क्र. २
समदं वाचलं. माप माझं चुकलं हुतं. गप बसलो, तेबी माझंच चुकलं. पोरींच्या गोलमधी हुबा राहतो. पण मकसूद, बाहेर चाललेला दिसला तरी हात टाकायला पायजे हुता.
(सही) गेनबा भैरू साकोरे, कळस, पुणे
३० नोव्हेंबर २०२५

पुरवणी, त्याच दिवशी
साक्षीदार क्र. २ यांच्या शेऱ्यातले शेवटचे वाक्य मला मान्य नाही. खांद्याला हरकत नाही.
(सही) मकसूद इब्राहिम सारंग